नाटकातली तंत्रं वापरून सिनेमात फ्लॅशबॅक दाखवला तर तो नाटकी वाटतो का?

वाईट केला तर वाटतो. हाच प्रश्न मला काही वर्षांपूर्वी एका दिग्दर्शकाने ऐन सेटवर विचारला होता आणि उत्तर ऐकून घेतलं नव्हतं, म्हणून जरा लांबण लावतोय.

मी मूळचा प्रकाशयोजनेतला, डिमरवर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर, बोटं ठेवून वाढलेला. त्या शॉर्टफिल्ममध्ये आजी चुलीपुढे भाकऱ्या थापतेय आणि नवरा घर सोडून गेला तो दिवस तिला आठवतो, असा प्रसंग होता. मी म्हटलं, कट नको. कॅमेरा आजीवरून दाराकडे वळवू, वळता वळता चुलीकडचा लाइट उतरवू, दारातला चढवू. दारात तरुण नवरा, हातात पिशवी. कॅमेरा परत चुलीकडे येईपर्यंत पाटावर तरुणपणीची ती. अदलाबदलीला मिळत होते नऊ सेकंद. आजी झालेल्या बाईंचे गुडघे धरलेले, म्हणून दोघांनी त्यांना पाटासकट उचलायचं ठरलं. तिसऱ्या टेकला पाट जात्यावर आपटला. पाचव्याला तरुण नटी हाताला पीठ लावायलाच विसरली. सातवा मात्र असा लागला की स्पॉटबॉयसुद्धा गप्प.

एडिटमध्ये साहेबांनी मधोमध कट मारला, वर सेपिया, म्हणजे जुन्या फोटोसारखा तपकिरी रंग, खाली बासरी. का? तर "प्रेक्षकाला कळायला हवं ना!"

कुठल्या प्रेक्षकाला? वगात नट एक फेरी मारतो आणि दुसऱ्या गावी पोचतो, हे आपल्या जत्रेतल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या कळत आलंय. आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'मध्ये (१९४९) वर्तमानात पात्रं घराच्या दारातूनच ये-जा करतात, भूतकाळात मात्र सरळ भिंतीतून आरपार जातात. नियम कोणी समजावून सांगत नाही, लोक तो पकडतात. आल्फ शोबेर्ग हा स्वीडनचा मुरलेला नाट्यदिग्दर्शक. १९५१ च्या 'मिस ज्युली'मध्ये त्याने वर्तमान आणि भूतकाळ एकाच फ्रेममध्ये उभे केले. त्याच वर्षी कान महोत्सवात त्या सिनेमाला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. तिथे कोणी सेपिया मागितला नाही.

तेव्हा बिनधास्त करा. फक्त नियम एकच ठेवा आणि तो पहिल्या पाच मिनिटांत एकदा दाखवून टाका. आम्ही तो शेवटाकडे अचानक आणला होता, एवढी चूक माझी.

आणि हो, कॅमेरा प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेत बसत नाही. पिवळा हॅलोजन डिमरवर उतरवला की आणखी तांबूस होतो. रंगमंचावर ते खपतं, पडद्यावर चेहरा भाजल्यासारखा दिसतो. स्वस्त एलईडी खाली आणला तर रेकॉर्डिंगमध्ये फडफडतो. आधी चाचणी घ्या. पाट उचलणाऱ्यांची पावलंही माइकवर येतात, त्यामुळे त्या शॉटचा आवाज नंतर भरायचा हे धरूनच चाला.

एक गोष्ट मात्र माझं ऐकाच. 'सेफ्टी म्हणून' दुसरा अँगल घेऊ नका. आम्ही आजीचा क्लोजअप घेऊन ठेवला होता. कट मारायला तोच सापडला त्याला.