कमला सोहोनींनी नेमकं संशोधन काय केलं?

तुम्ही विचारलंय की बायोकेमिस्ट कमला सोहोनींबद्दल जिथे बघावं तिथे सी. व्ही. रामन यांचाच किस्सा असतो, मग बाईंनी स्वतः काय शोधलं? खरंय हो. मी नागपूरला बीएस्सीच्या पोरांना बायोकेमिस्ट्री शिकवते, बाईंचं नाव काढलं की मागच्या बाकावरून हमखास येतं, "रामननी ॲडमिशन नाकारली त्या नं, मॅडम?" बस, त्याच्यापुढे गाडी जातच नाही.

तर किस्सा आधी उरकून टाकते. १९३३ साली मुंबईची बीएस्सी, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटला (आताचं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) अर्ज, डायरेक्टर रामन म्हणाले मुली नको, ह्या हटून बसल्या, मग वर्षभर चाचणीवर घेतलं. तिथे दूध आणि डाळींमधल्या प्रोटीनवर काम केलं आणि पुढे केंब्रिज.

खरी मजा तिथे आहे. तिथले बायोकेमिस्ट रॉबिन हिल यांच्याकडे त्या बटाट्यावर काम करत होत्या आणि त्यात त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. म्हणजे काय, तर पेशी श्वसन करते तेव्हा इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे देत देत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचवावे लागतात, त्या साखळीतला हा एक हमाल समजा. आपल्या पेशीत आहे तोच बटाट्यातही! मी गोकुळपेठ मार्केटातून बटाटा नेऊन वर्गात चिरते, तो काळा पडायला लागला की कोणीतरी विचारतंच, हेच का ते? नाही रे बाबा, ते वेगळं, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमचं काम. १९३९ ला पीएचडी मिळाली, प्रबंध म्हणे ४० पानांचा, आमच्याकडे तेवढी पानं आभार मानण्यातच जातात.

मग दिल्ली, कुन्नूर आणि लग्नानंतर मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथलं नीरेवरचं काम मला जास्त आवडतं, राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून केलेलं, नीरेतली व्हिटॅमिन्स, लोह तपासून कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना तिचा फायदा होतो हे दाखवलं, त्याला राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. उतारवयातही गप्प बसल्या नाहीत, ग्राहकांच्या संघटनेत भेसळीमागे लागल्या.

आणि हो, दुर्गाबाई भागवत ह्यांची सख्खी बहीण. हे स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आमचे मराठीचे सर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "काय सांगता!"