जुन्या दगड-मातीच्या घराचा पुढचा दरवाजा बदलायचाय, सागवानी करावा का स्टीलचा बसवावा?

तुम्ही लिहिलंय की औशाकडं आजोबांच्या काळातलं दगड-मातीचं घर आहे, दोन कवाडांचा सागवानी दरवाजा खालून कुजलाय आणि तो काढून स्टीलचा सेफ्टी डोअर बसवायचा विचार चाललाय. माझं ऐकाल तर आधी चौकट बघा, दरवाजाचं नंतर.

कारण स्टीलचा दरवाजा बहुतेक वेळा चौकटीसकट येतो, म्हणजे जुनी चौकट काढावीच लागते. आमच्या घरी तेच केलं. मिस्त्रीनं वर टेकू न देताच पहार घातली, चौकट हलली तशी वरची माती भसाभसा खाली आली, मागं दोन दगड निसटले, आणि आई तेव्हा उंबऱ्याच्या आतच उभी होती. अजून ती भेग भिंतीत तशीच आहे. आपल्या भागात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात असल्याच भिंतींखाली किती माणसं गेली हे तुम्हाला सांगायची गरज नाही, म्हणून या बाबतीत मी मिस्त्रीच्या "काही होत नाही"वर विश्वास ठेवत नाही. शिवाय मातीच्या भिंतीत नुसते बोल्ट धरत नाहीत, चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांभोवती (होल्डफास्ट) काँक्रीट भरावं लागतं, नाहीतर जड दरवाजा आपटून आपटून चौकटच ढिली होते.

तर चौकट तपासायची अशी. स्क्रू ड्रायव्हर घेऊन उंबऱ्याजवळच्या दोन्ही कोपऱ्यांत टोचा, वाळवी तिथूनच चढती. टोक सहज आत गेलं आन् भुगा निघाला तर लाकूड गेलं. मग हातोडीच्या दांड्यानं वरपर्यंत ठोकत जा, भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोकळ असलं की बद्द. आमच्या चौकटीत फक्त खालचं वीतभर गेलं होतं, ते कापून सांधा देऊन नवं लाकूड जोडता आलं असतं, हे मला नंतर दुसऱ्या सुतारानं दाखवलं तेव्हा फार वाईट वाटलं.

चौकट चांगली निघाली तर फक्त कवाडं नवी करा. जुनी कवाडं बिजागरीवर नसतील, खालचा खुंटा उंबऱ्यातल्या खळग्यात फिरत असेल, तर तो खळगा घासून खोल झालेला असतो आणि कवाड खाली बसून घासतं, बऱ्याचदा दरवाजा कुजला वाटतो तो यामुळंच.

लाकूड घनफुटावर मिळतं, म्हणून दुकानात जायच्या आधी हिशोब घरीच करा. 7 बाय साडेतीन फुटाची दीड इंच जाड कवाडं म्हणजे साधारण 3 घनफूट, वर कापणीची घट वेगळी. साधा फ्लश डोअर, म्हणजे प्लायवूडचे थर चिकटवलेला सपाट दरवाजा, बाहेरच्या बाजूला घेऊच नका, पहिल्या दोन-तीन पावसाळ्यात थर सुटायला लागतात. बजेट कमी असलं तर वाळलेला कडुनिंब पण चालतो, पण वाळलेलाच, ओला घेतला तर उन्हाळ्यात पिळून वाकतो. कवाड उन्हाळ्यात बसवत असाल तर कडेला तीन-चार मिलिमीटर फट ठेवायला सांगा, पावसाळ्यात फुगून अडकतं. आणि खालची कड, जी कुणालाच दिसत नाही, तिला रंग किंवा तेल लागलंच पाहिजे, पाणी तिथूनच शिरतं.

जुना कडी-कोयंडा आणि आतला अडसर मात्र टाकू नका, नव्या कवाडाला तेच लावा आणि सोबत एक चांगलं लॉक बसवा.

चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांचा आणि तिच्यावरच्या आडव्या लाकडाचा फोटो टाकता आला तर टाका, दरवाजा कुठल्या दिशेला आहे तेही सांगा, पश्चिमेकडं असेल तर उन्हाचा विचार करून बोलता येईल.