माणसाचं भाडं किलोवर लावावं का?

(‘विचारा विमानाबद्दल’ या सदरात उत्तरं देणाऱ्या लेखिका मुंबई विमानतळावरच्या लोड अँड ट्रिम, म्हणजे विमानात किती वजन कुठं ठेवायचं याचा हिशेब करणाऱ्या विभागातून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : मे महिन्यात आम्ही केदारनाथला गेलो होतो. फाटा गावच्या हेलिपॅडवर सगळ्यांना काट्यावर उभं केलं. ८० किलोच्या वर प्रत्येक किलोला १५० रुपये, असा नियम. माझं वजन ९४, म्हणजे २१०० रुपये गेले. पैशाचं एवढं नाही, पण तिथला माणूस “मॅडम चौरानवे!” असं सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला. माझे दीर ५८ किलोचे. त्यांनी तिथंच सुरू केलं की विमानालाही हाच नियम हवा. त्यांच्या बॅगेत चार किलो जास्त भरले तर पैसे घेतात आणि शेजारच्या जाड्या माणसाला काहीच नाही, हा कुठला न्याय? घरी येऊन दोन महिने झाले तरी त्यांचं हे पालुपद चालूच आहे. खरंच असा नियम व्हायला हवा का?
– एक गृहिणी, सिन्नर

उत्तर : ताई, आधी तुमच्या दिरांचा हिशेब करू, कारण ते हिशेबावरच बोट ठेवतायत.

जेट विमानात एक किलो जास्त वाहायला तासाला साधारण त्याच्या तीन टक्के इंधन जास्त लागतं, असा आमच्याकडचा ढोबळ आडाखा. तुमच्या आणि त्यांच्या वजनात ३६ किलोंचा फरक. मुंबई–नागपूर दीड तास धरा. म्हणजे इंधन जास्त लागलं दीड-पावणेदोन किलो, लिटरात सांगायचं तर दोन. लिटरला शंभर रुपये धरले तर झाले दोनशे. आता गंमत बघा, तुमच्या दोघांची सरासरी ७६ येते. माझ्या काळात लोडशीटवर, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशेबाच्या कागदावर, मोठा माणूस हातातल्या सामानासकट ७५ किलोचा धरत, मूल ३५ चं, तान्हं बाळ १० चं. त्या सरासरीपासून मोजलं तर तुमच्याकडून शंभर रुपये जास्त घ्यायचे आणि दिरांना शंभर परत द्यायचे. त्याच विमानात कुणी तीन हजारांचं तिकीट काढून बसलेलं असतं, कुणी आयत्या वेळी अकरा हजारांचं. त्यावर कुणी पालुपद लावत नाही!

तिकिटाचे पैसे कशाकशाचे असतात? विमानाचा हप्ता किंवा भाडं, देखभाल, वैमानिक, विमानतळाचं शुल्क, कर आणि हो, इंधन. पण त्या इंधनातलंही बरंचसं विमान स्वतःलाच वाहून नेण्यात जातं. १८० उतारूंचं एअरबस उडताना सत्तर-पंचाहत्तर टनांचं असतं, त्यात माणसं साडेतेरा टन. कंपनी विकते ती खुर्ची. ती एकदा रिकामी गेली की तिचे पैसे बुडाले, मग बसणारा ५८ चा होता की ९४ चा याला अर्थ उरत नाही. आणि दिरांकडून बॅगेचे जे पैसे घेतले ते इंधनाचे नव्हतेच. लोकांनी जास्त सामान आणू नये आणि आणलं तर कंपनीची कमाई व्हावी, यासाठी तो दर असतो. त्यांना भांडायचंच असेल तर त्या दरावरून भांडावं, मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन.

हेलिकॉप्टरची गोष्ट मात्र खरंच वेगळी आहे. पाच-सहा उतारूंचं एक इंजिनाचं यंत्र, आणि केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्याही वर. तिथं हवा विरळ. पात्यांना कमी धरायला मिळतं, इंजिनाची ताकदही उतरते, ऊन चढलं की आणखी उतरते. तिथं छत्तीस किलो म्हणजे दोन लिटर इंधनाचा प्रश्न राहत नाही. एखादा उतारू खाली ठेवावा की काय, असा प्रश्न होतो. म्हणून काटा हवाच. ज्या कंपनीचा माणूस वजन न करता चढवतो, तिच्या हेलिकॉप्टरमध्ये मी तरी बसणार नाही.

पण माझे आक्षेप दोन आहेत. वजन वाढलं तर पैसे आणि कमी असलं तर काहीच सूट नाही, हा एकतर्फी व्यवहार झाला. सुरक्षिततेसाठी वजन करायचं ते करा, त्यावर दर कशाला? आणि दुसरं ते ओरडणं. आकडा कागदावर लिहून पुढे सरकवायला कितीसा वेळ लागतो? आमच्या टेबलावर चुकून एखाद्या उतारूचं खरं वजन घ्यावं लागलंच, तर ते लोडशीट आणि वैमानिक यांच्यापलीकडे जात नसे.

दोन्ही बाजूंनी प्रामाणिक हिशेब एकानं करून पाहिला होता. सामोआ एअर, पॅसिफिकमधली चिमुकली कंपनी. २०१३ साली तिनं सरळ किलोवर भाडं लावलं. तिकीट काढताना वजन सांगायचं, विमानतळावर सामानासकट काट्यावर उभं राहायचं. पोरंबाळं घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना ते स्वस्तही पडायचं. त्यांची विमानं नऊ-दहा माणसांची, त्यामुळे त्यात तथ्य होतं. २०१५ मध्ये ती कंपनी बंद पडली. त्याच २०१३ मध्ये नॉर्वेतल्या भरत भट्टा या अध्यापकांनी वजनावर भाडं ठरवायच्या तीन पद्धती मांडल्या होत्या. मोठ्या कंपन्यांनी एकही उचलली नाही, आणि त्याचं कारण त्यांना दया आली हे नव्हे. शंभर रुपये वसूल करायला प्रत्येक काउंटरवर काटा, काट्यामागे रांग, रांगेत भांडण. कोण करणार?

शिवाय किलोवर भाडं लावलं तर पहिला फटका पुरुषांना आणि उंच माणसांना बसेल. सहा फुटी, ८८ किलोचा व्हॉलीबॉलपटू घ्या; त्याच्या अंगावर चरबीचा ठिपका नसतो. दिरांना सांगा, ते सुटले, पण त्यांची मुलं उंच निघाली तर?

प्रश्न : वजनाला एवढी किंमत नसेल तर परदेशी कंपन्या उतारूंना काट्यावर उभं का करतात? न्यूझीलंड आणि फिनलंडच्या बातम्या वाचल्या.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : एकेकाचं वजन किरकोळ, पण सरासरी किरकोळ नसते. एअर न्यूझीलंडनं २०२३ मध्ये ऑकलंडला दहा हजार उतारू मोजायला घेतले, फिनएअरनं २०२४ मध्ये हेलसिंकीला स्वेच्छेनं येणाऱ्यांना मोजलं. लोडशीटवरची सरासरी खरी आहे ना, एवढंच त्यांना तपासायचं होतं. भाड्याशी त्याचा संबंध नव्हता.

सरासरी जुनी झाली की काय होतं, ते २००३ च्या जानेवारीत अमेरिकेत शार्लटला दिसलं. १९ आसनी बीचक्राफ्ट उडताच कोसळलं, २१ जण गेले. शेपटाकडच्या नियंत्रण-केबलची जोडणी चुकली होती हे मोठं कारण, पण विमान कागदावर होतं त्याहून जड होतं, आणि वजन मागे कललेलं होतं. त्यानंतर तिथली सरासरी वाढवली गेली.

दुसरा किस्सा बर्मिंगहॅमचा, जुलै २०२०. संगणकात नावामागे ‘मिस’ लावलेल्या बायका लहान मुली म्हणून गेल्या, कारण जिथं ती प्रणाली बनली तिथं ‘मिस’ म्हणजे बालिका! ३८ मोठ्या बायका ३५ किलोंच्या मोजल्या गेल्या आणि विमान कागदापेक्षा बाराशे किलो जड उडालं. इजा कुणाला झाली नाही, एवढी फट मोठ्या विमानात ठेवलेली असते. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही हे वाचून हसू येतं आणि लगेच घामही फुटतो.

प्रश्न : माझं वजन १३५ किलो आहे. एका खुर्चीत बसताना हात शेजाऱ्याला लागतो. दोन तिकिटं घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचा प्रश्न किलोचा नसून इंचांचा आहे. खुर्ची सतरा-अठरा इंच रुंद, ती कंपनीनं ठरवलेली. कॅनडात २००८ च्या निर्णयानं देशांतर्गत प्रवासासाठी ‘एक माणूस, एक भाडं’ हे तत्त्व आलं. लठ्ठपणामुळे अपंगत्व असलेल्याला दुसरी खुर्ची फुकट द्यावी लागते. माझ्या मते ते योग्य आहे, पण आपल्याकडे त्यावर विसंबून राहू नका. लांबच्या प्रवासाला परवडत असेल तर दुसरी खुर्ची घ्या, पण कंपनीला आधी फोन करून घ्या. नाहीतर नावांच्या घोळात ती दुसऱ्या कुणाला जाते. तासाभराच्या प्रवासाला कडेची खुर्ची पुरते. पट्टा पुरत नसेल तर विमानात चढताना दाराशीच जोडपट्टा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. फक्त आपत्कालीन दाराजवळची रांग घेऊ नका. जोडपट्टा लावणाऱ्याला तिथून सहसा उठवतात.