इलिप्टिकलवर नुसते पाय फिरवू नका
इलिप्टिकल म्हणजे उभं राहून पेडल फिरवायचं जिममधलं मशीन. त्याचा रेझिस्टन्स (पेडल किती जड फिरतात ते) अगदी कमी ठेवला की पेडल आपल्याच गतीने फिरत राहतात आणि दम लागत नाही. नव्याने सुरू करणारे बहुतेक जण इथेच फसतात. पाय ढकलताना जोर लागलाच पाहिजे, इतका रेझिस्टन्स वाढवा. हँडलवर रेलू नका, अंगाचा भार पायांवरच हवा. सगळा भार चवड्यांवर आला तर बोटं बधिर होऊ शकतात, म्हणून टाचही टेकवा.

आधी ५ मिनिटं सावकाश. मग १ मिनिट जोरात, २ मिनिटं हळू, अशा ६ फेऱ्या. सुरुवातीला ४ केल्या तरी चालतील. जोराच्या मिनिटात दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, ही माझी आवडती खूण. स्क्रीनवरच्या कॅलरीवर विसंबू नका, तो अंदाज असतो. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र लगेच थांबा.