गाडीचे प्रश्न: हॅन्डब्रेक ढिला झालाय, घरीच आवळू का?

प्रश्न: सर, माझी हॅचबॅक आहे, सात वर्षं झाली घेऊन, मागे ड्रम ब्रेक आहेत. आधी पाच-सहा खटक्यांत हॅन्डब्रेक गच्च धरायचा, आता दहा-अकरा खटके ओढला तरी चढावर गाडी हळूच मागे सरकते. ऑफिसमधला एक जण म्हणाला की लिव्हरच्या कव्हरखाली एक नट असतो तो आवळ, दहा मिनिटांचं काम आहे. इतकं सोपं असेल तर घरीच करतो, नाहीतर गॅरेजला नेतो. काय करू?

उत्तर: नट असतो हे खरं आणि दहा मिनिटांचं काम हेही खरं, फक्त ते सगळ्यात शेवटचं काम आहे आणि लोक सुरुवातच तिथून करतात.

नव्वद टक्के लोकांना वाटतं की केबल ताणली म्हणून हॅन्डब्रेक वर यायला लागला. केबल ताणते, नाही असं नाही, पण ती नवीन असताना थोडी ताणते आणि मग वर्षानुवर्षं फारशी हलत नाही. रोज झिजतात ते ड्रमच्या आतले लायनर, म्हणजे ड्रमला घासून ब्रेक लावणारं अस्तर. लायनर झिजला की ड्रम आणि लायनरमधली गॅप वाढते, ती भरून काढायला आत सेल्फ अ‍ॅडजस्टर दिलेला असतो, आणि हा अ‍ॅडजस्टर ब्रेकच्या धुळीने नाहीतर गंजाने जाम झाला की गॅप तशीच वाढत राहते. मग तुमचा लिव्हर आधी ती गॅप संपवतो आणि उरलेल्या ओढीत ब्रेक लावतो, म्हणून खटके वाढतात. आता तुम्ही वरचा नट आवळलात तर लिव्हर पुन्हा पाच खटक्यांवर येईल, तुम्ही खूश व्हाल, पण गॅप भरली गेली ती केबल ओढून, लायनर किती उरलेत ते कोणी बघितलंच नाही. शिवाय केबल कायम ताणलेली राहिली की ड्रमच्या आतली हॅन्डब्रेकची पट्टी आपल्या मूळ जागेवर टेकत नाही आणि बऱ्याच गाड्यांमध्ये त्यामुळे सेल्फ अ‍ॅडजस्टर नीट काम करायचाच बंद होतो, म्हणजे जो आधीच आजारी होता त्याला आपण बांधून ठेवला.

आधी एक साधी टेस्ट करा, गाडीला हात न लावता. इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल दाबा, किती खाली गेलं बघा, सोडा आणि लगेच पुन्हा दोनदा दाबा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेडल वर धरायला लागलं तर बहुतेक मागची गॅप वाढलीय. पेडल पहिल्याच दाबाला व्यवस्थित आणि फक्त लिव्हरच वर येतोय, तर केबलकडे संशय घ्या. आणि पेडल स्पंजसारखं मऊ लागत असेल तर ते हवा शिरल्याचं लक्षण आहे, हॅन्डब्रेक विसरा आणि आधी ते बघून घ्या.

आता कामाला लागायचं तर गाडी सपाट आणि कडक जमिनीवर हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा, कारण आपण हॅन्डब्रेक सोडून काम करणार आहोत. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पहिल्या गियरमध्ये ठेवा, मागच्या चाकांवर चालणारी असेल तर चाक फिरवून बघायला न्यूट्रलच लागेल, म्हणजे मग सगळा भरवसा ठोकळ्यांवर, तिथे विटेचा तुकडा नको. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक लावा आणि उचलल्यावर खाली स्टँड (गाडी पेलून धरणारा लोखंडी आधार) द्या. गाडीतला जॅक स्टेपनी बदलायला आहे, त्याच्या एकट्याच्या जोरावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही. स्टँड नसतील तर हे काम घरी करू नका.

हॅन्डब्रेक पूर्ण खाली करा आणि वरचा तो प्रसिद्ध नट सैल करा. हो, सैल. केबल ढिली असेल तरच ड्रममधली पट्टी जागेवर बसेल. मग चाक काढा आणि ड्रम काढा. इथे बरेच जण अडकतात, ड्रम हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) गंजून चिकटलेला असतो. बऱ्याच ड्रमवर आटे असलेली दोन भोकं दिलेली असतात, त्यात मापाचे बोल्ट घालून दोन्ही आलटून पालटून थोडे थोडे आवळले की ड्रम स्वतःच बाहेर सरकतो, हातोडा मारत बसायची गरज नाही. काही गाड्यांमध्ये मात्र ड्रम आणि बेअरिंगचा हब एकच असतो आणि मधे मोठा नट असतो, तो नट ठरावीक टॉर्कलाच (मोजलेल्या जोरालाच) आवळावा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी दरवेळी नवीन घालावा लागतो. तुमची गाडी अशी असेल तर मी म्हणेन गॅरेजला न्या, यात कमीपणा काही नाही.

ड्रम निघाला की धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि नसलं तरी ती धूळ छातीत जाण्यासारखी नाही, मास्क लावा आणि ब्रेक क्लीनर मारून ओलं करून पुसा. आणि ड्रम बाहेर असताना ब्रेक पेडलला कोणी हात-पाय लावायचा नाही, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, पेडल दाबलं की व्हील सिलिंडरचे (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचे) पिस्टन बाहेर येतात आणि मग ऑइल सगळीकडे.

आता बघा. लायनर किती जाड उरलाय, किमान जाडी मॅन्युअलमध्ये दिलेली असते, एक-दीड मिलिमीटरवर आला असेल तर विचार करत बसू नका, बदला. ड्रमला आतून खोल चऱ्या पडल्यात का, काठावर कंगोरा आलाय का तेही बघा. ड्रमवर जास्तीत जास्त चालणारा व्यास कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेला असेल तर ड्रमही गेला. व्हील सिलिंडरचं रबर किंचित उचलून बघा, आत ओलं दिसलं तर ऑइल लीक आहे. लायनरला ऑइल लागलं असेल तर पुसून, पॉलिश पेपर मारून परत बसवायचा मोह होतो, पण ऑइल आत मुरलेलं असतं आणि गरम झालं की परत बाहेर येतं, त्यामुळे सिलिंडर दुरुस्त करा आणि लायनर दोन्ही बाजूंचे बदला. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक एकीकडे ओढतो.

सगळं ठीक असेल तर अ‍ॅडजस्टर काढून साफ करा. त्याच्या आट्यांना ब्रेकचं, उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी पातळ लावा, साधं ग्रीस वितळून लायनरवर जातं. डावा आणि उजवा अ‍ॅडजस्टर अनेकदा उलट्या आट्यांचे असतात, म्हणून एका वेळी एकच बाजू उघडा, अदलाबदल झाली की दाबल्यावर गॅप कमी व्हायच्या ऐवजी वाढते आणि माणूस वेडा होतो. अ‍ॅडजस्टरची दातेरी चाकी फिरवून शू (लायनर ज्यांच्यावर बसवलेले असतात त्या वाकड्या पट्ट्या) इतके बाहेर आणा की ड्रम हाताने बसतो पण फिरवताना अगदी हलकं घासल्याचा आवाज येतो. दोन्ही बाजू झाल्या, दोन्ही ड्रम जागेवर बसले, की मग पेडल पाच-सहा वेळा नीट दाबा म्हणजे शू आपापल्या जागी मधोमध येतात, आणि परत फिरवून बघा.

आणि आता तो नट. हॅन्डब्रेक आधी चार-पाच वेळा जोरात ओढून सोडा म्हणजे केबल बसेल. मग नट अर्धा अर्धा आटा आवळत जा, आवळताना केबलचं टोक पीळ खाणार नाही असं दुसऱ्या पान्याने धरा, आणि दरवेळी लिव्हर ओढून चाक फिरवून बघा. पहिला खटका मोकळा, दुसऱ्या-तिसऱ्याला घासायला सुरुवात, आणि मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय तिथे दोन्ही चाकं हाताने न हलण्याइतकी गच्च. हा आकडा गाडीगणिक वेगळा असतो, बऱ्याच मॅन्युअलमध्ये सुमारे २० किलोच्या ओढीला अमुक ते अमुक खटके असं लिहिलेलं असतं, शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नका. लिव्हर खाली केला की दोन्ही चाकं आधीसारखीच मोकळी फिरली पाहिजेत, हे मी गच्च धरण्याइतकंच महत्त्वाचं मानतो. लॉक नट असेल तर तो आवळा, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि थोडी गाडी चालवून झाल्यावर परत एकदा बघा.

टेस्ट आधी हलक्या चढावर, पाय पेडलच्या जवळ ठेवून, मागे कोणी उभं नसताना. मग थोडं अंतर ब्रेक फारसा न वापरता चालवून या आणि मागच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा (लगेच टेकवू नका). एक गरम आणि एक थंड म्हणजे गरम बाजू घासतेय.

प्रश्न: मी नेमकं तेच केलंय, नट आवळला. आता हॅन्डब्रेक तीन खटक्यांत लागतो, पण गाडी न्यूट्रलला आधीसारखी घरंगळत नाही आणि उजव्या मागच्या चाकाला जळका वास येतो. लायनर सेट होताहेत का?

उत्तर: नाही, जळताहेत. नट आजच सैल करा आणि तोवर गाडी चालवू नका, लायनर तापून कडक आणि चकचकीत झाले तर नंतर पकडतच नाहीत. नट सैल केल्यावरही उजवीकडेच घासत असेल तर त्या बाजूची केबल आवरणाच्या आत गंजली असणार, ओढली जाते पण परत येत नाही. वरून ऑइल सोडून दोन दिवस बरं वाटतं, आतलं आवरण फाटून पाणी गेलं असेल तर केबल बदलणं हाच उपाय आहे.

प्रश्न: माझ्या गाडीला चारही डिस्क आहेत. तरीपण हीच पद्धत?

उत्तर: आधी मागची डिस्क कुठल्या प्रकारची आहे ते बघा. एका प्रकारात डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागात छोटा ड्रम असतो आणि हॅन्डब्रेकचे शू त्याच्यात, तिथे वर सांगितलं ते बरंचसं लागू आहे, दातेरी चाकी एका भोकातून फिरवता येते. हे शू चालत्या गाडीत वापरले जात नाहीत म्हणून झिजत कमी, गंजतात जास्त. दुसऱ्या प्रकारात हॅन्डब्रेकची केबल थेट कॅलिपरवरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावरच्या) एका पट्टीला ओढते आणि पट्टी आतल्या स्क्रूने पिस्टन ढकलते. इथे हॅन्डब्रेक सोडल्यावर पट्टी दोन्ही कॅलिपरवर आपल्या स्टॉपरला टेकते का एवढं बघा. टेकत नसेल तर केबल जास्त ताणलीय किंवा पट्टी जाम झालीय. पॅड बदलताना असा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत न्यावा लागतो, जोर लावून दाबला तर आतला स्क्रू जातो आणि कॅलिपरच बदलावा लागतो.

प्रश्न: माझ्याकडे बटणाचा हॅन्डब्रेक आहे, ढिला वाटतोय. घरी?

उत्तर: नको. तिथे मोटर आहे, ती स्वतःच गॅप मोजून घेते, ढिला वाटतोय म्हणजे पॅड, मोटर किंवा बॅटरीचा प्रॉब्लेम. पॅड उघडायचे तरी आधी सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या सेटिंगमध्ये) न्यावं लागतं, नाहीतर हात आत असताना मोटर फिरली तर बोट जाईल.

प्रश्न: हॅन्डब्रेक खाली आहे तरी डॅशबोर्डवरचा लाल दिवा जात नाही. लिव्हर परत थोडा वर येतोय का?

उत्तर: लिव्हर खाली दाबून बघा, दिवा गेला तर लिव्हरखालचा स्विच सरकलाय, किरकोळ काम आहे. नाही गेला तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा, बऱ्याच गाड्यांना दोन्हीसाठी तोच एक दिवा असतो. पॅड झिजले की पातळी आपोआप खाली येते, त्यामुळे नुसतं वरून ऑइल ओतून दिवा घालवू नका, पॅड झिजलेत की कुठे गळतंय ते शोधा. हे सापडेपर्यंत लांबचा प्रवास नको.

प्रश्न: आमच्या घरात कायमचा वाद. मिस्टर म्हणतात हॅन्डब्रेक ओढताना बटण दाबून ओढायचा म्हणजे दाते झिजत नाहीत, मी कट-कट आवाज करत ओढते. कोण बरोबर?

उत्तर: ताई, दोघंही. बटण दाबून ओढलं तर दाते थोडे कमी झिजतात हे खरं, पण दात्यांत अडकणारी ती खीळ वर्षानुवर्षं कटकट ऐकायलाच बनवलेली असते. मला स्वतःला आवाज आवडतो कारण खटके मोजता येतात आणि वाढायला लागले की लगेच कळतं. मिस्टरांना एवढंच सांगा की बटण सोडल्यावर लिव्हर खिळीत बसलाय ना ते बघत जा, आणि लिव्हर आपोआप खाली सुटत असेल तर दाते गेलेत, तिथे नट आवळून काही होणार नाही, लिव्हरचा सेटच बदलायचा.

प्रश्न: दोन-तीन महिने गाडी उभी राहणार आहे, पावसाळ्यात. हॅन्डब्रेक लावून ठेवू का?

उत्तर: जागा सपाट असेल तर नका लावू, ओलाव्यात लायनर ड्रमला गंजून चिकटतात. चाकांना ठोकळे लावा, गाडी पहिल्या गियरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पीमध्ये ठेवा. जागा उताराची असेल तर मात्र हॅन्डब्रेक लावावाच लागेल, आणि मग आल्यावर पहिल्यांदा गाडी काढताना मागून 'टक' असा आवाज येईल, तो चिकटलेला लायनर सुटल्याचा. सुटलाच नाही तर अ‍ॅक्सिलरेटर रेटू नका, लायनर शूवरून उखडून निघतो. थोडं पुढे, थोडं मागे असं हलवून बघा आणि तरी नाही सुटला तर चाक काढून ड्रमवर बाहेरून लाकडी हातोड्याने गोल फिरत हलके ठोके द्या.