फोन उचलला होता एका शब्दासाठी

‘रोज दहा तास अभ्यासिकेत बसतो, पण रात्री हिशेब केला तर तीन तासही धड झालेले नसतात. फोन सुटतच नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही, मॅडम.’

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं ही तक्रार आमच्याकडे वारंवार घेऊन येतात. हा २५ वर्षांचा मुलगा मराठवाड्यातून आलेला, राज्यसेवेचा दुसरा प्रयत्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्याने आधी इन्स्टाग्राम काढून टाकलं होतं, पाचव्या दिवशी ते परत आलं. मग बटणांचा साधा फोन घेतला. पण नोट्स टेलिग्रामवर, सराव चाचण्या ॲपवर, मेसचे पैसे यूपीआयने. आठवड्याभरात तो फोन बॅगेच्या तळाशी गेला. यात त्याचा दोष नाही. ज्या वस्तूत अभ्यास आहे तिच्यातच पळवाटही असेल, तर नुसत्या निश्चयावर किती दिवस निघणार?

पहिल्या भेटीत काहीच बंद करायला सांगितलं नाही. फोनमधलं ‘डिजिटल वेलबीइंग’ तेवढं उघडलं. मुलं तिथे स्क्रीनचे तास बघतात आणि खजील होतात. आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अनलॉकचा आकडा. त्याचा आदल्या दिवशीचा होता ११२. जागेपणाचे १६ तास धरले तर साधारण दर साडेआठ मिनिटांनी एकदा.

मग चार दिवस एक वही. फोनकडे हात गेला की वेळ, कारण आणि त्या क्षणी समोर काय होतं, हे लिहायचं. त्यातली एक नोंद: ‘११.२०. महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांतला फरक बघायला. ११.५२ ला फोन ठेवला.’ मध्ये मेसच्या ग्रुपवरचा निरोप, मित्राचं स्टेटस, मग रील. फरक बघायचा राहूनच गेला. वही चाळताना त्यानेच बोट ठेवलं: बहुतेक नोंदी अवघड परिच्छेद सुरू होतानाच्या होत्या. फोन उचलायचं कारण दरवेळी खरं असायचं, म्हणून पकडता येत नव्हतं.

उपाय तिथेच केला. शेजारी कोरा कागद. अडलेला शब्द त्यावर लिहायचा आणि पुढे वाचत राहायचं. सुरुवातीला २५ मिनिटांची बैठक, जमल्यावर ५० ची. दोन बैठकांनंतर कागदावरचं सगळं एकदम शोधायचं. फोन टेबलावर उलटा ठेवून भागत नाही. तो बॅगेत आणि बॅग लॉकरमध्ये.

इथे गाडी अडली. वडिलांना रक्तदाबाचा त्रास, घरून फोन आला तर? एअरप्लेन मोड लावला की ही धास्ती वाढायची आणि तो आणखी वेळा फोन बघायचा. म्हणून ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून आईचा नंबर तारांकित केला आणि फक्त तारांकित नंबरना परवानगी दिली. अँड्रॉइडमध्ये १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करणाऱ्याचा कॉल येऊ देण्याचीही सोय असते. ती चालू केली. आमच्या मते सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडला.

बाकीचं झटपट झालं. टेलिग्रामचे १४ चॅनेल होते, ३ ठेवले. यूट्यूबचा वॉच हिस्ट्री पुसून बंद केला. मग होमपेजवर शिफारशी येत नाहीत, लागेल ते व्याख्यान नावाने शोधावं लागतं.

सहाव्या दिवशी मात्र घसरला. सुट्टीच्या १० मिनिटांत रील लावली. रीलला शेवट नसतो, चहाच्या कपाला असतो. त्यामुळे सुट्टी म्हणजे चहा, बाटली भरणं किंवा जिना उतरून येणं, असं ठरलं. उशाशी फोन गजरासाठी होता, तिथे साधं घड्याळ आलं.

एक सावधगिरी. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर सगळं खापर फोनवर फोडू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

तीन आठवड्यांनी अनलॉक ४५ वर आले, अभ्यास पाच तासांवर. ‘दहा नाही झाले,’ म्हणून तो हिरमुसला. पण हे पाचही तास खरे होते. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, सलग बसून लिहायची. म्हणून तो दर रविवारी तीन तासांचा पेपर हाताने लिहितो. पहिल्या खेपेला ४० मिनिटांत उठला होता; परवा पावणेदोन तास बसला.