तक्ता बाजूला ठेवून लिही

प्रिय,

चित्रपटातल्या प्रतिनिधित्वावरचा तुझा लेख वाचला. ‘आंत्र ले म्यूर’ या फ्रेंच चित्रपटातल्या शाळेच्या वर्गात आफ्रिकी वंशाची मुलं किती, अरब किती, चिनी किती याचा तक्ता तू मन लावून केला आहेस. पण फ्रान्सच्या जनगणनेत वंश विचारतच नाहीत. कायद्यापुढे सगळे फक्त नागरिक. त्यामुळे कोणाच्या वाट्याला काय येतं, हे तिथे आकड्यांतून सहज हाती लागत नाही. ते माणसांच्या वागण्यात शोधावं लागतं. दिग्दर्शक लॉरां कांतेने नेमकं तेच केलं आहे. तू मात्र मोजून थांबतोस, याची मला चुटपुट लागली.

फळ्यावरच्या वाक्याचा प्रसंग आठव. शिक्षक उदाहरण लिहितो, त्यात माणसाचं नाव बिल. लगेच मुली विचारतात, नेहमी असलीच नावं का? आयसातासारखं आफ्रिकी नाव का नको? शिक्षक ‘सगळ्यांची नावं घ्यायला बसलो तर संपणारच नाही’ अशा सुरात बोलतो. तो दुष्ट नाही, उलट मनापासून शिकवणारा आहे, आणि म्हणूनच तो प्रसंग बोचतो. प्रतिनिधित्वावर लिहायचं तर इथून सुरुवात करायला हवी होती. तुझ्या लेखात हा प्रसंग अर्ध्या ओळीत उरकला आहे.

हे संवाद इतके जिवंत कसे, तेही समजून घे. पॅरिसच्या विसाव्या विभागातल्या एका खऱ्या शाळेतली ही मुलं. शूटिंगच्या आधी वर्षभर त्यांच्यासोबत कार्यशाळा चालल्या. प्रसंग ठरलेला, शब्द बरेचसे मुलांचे. तीन कॅमेरे एकाच वेळी चालू: एक शिक्षकावर, दुसरा बोलणाऱ्या मुलावर, तिसरा वर्गात इकडेतिकडे काय चाललंय त्यावर. तो तिसरा कॅमेरा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्याची बोलायची पाळी नाही तोही त्यामुळे चित्रपटात राहतो. मात्र मुलं पडद्यावर ‘जशी आहेत तशी’ दिसतात, असं तू लिहिलंस ते काढून टाक. त्यांनी पात्रं उभी केली आहेत, अभिनय केला आहे. गोऱ्या नटाचं श्रेय आपण असं सहजासहजी निसर्गाच्या खात्यात टाकत नाही.

२००८ साली याला कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाम द’ओर, मिळाला. १९८७नंतर हा मान मिळवणारा पहिला फ्रेंच चित्रपट. हे तू लिहिलं आहेस, ठीक. पण पुरस्कारापुढे दबून जाऊ नकोस. मूळ कादंबरी फ्रांस्वा बेगोदोची, शिक्षकाच्या भूमिकेतही तोच. म्हणजे कथा शिक्षकाच्या बाजूने सांगितली जाते. कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ शाळेच्या भिंतींच्या आत राहतो. मुलांचं घर, वस्ती दिसत नाही. वेई या चिनी विद्यार्थ्याच्या आईला कागदपत्रं नाहीत म्हणून अटक होते, तीही आपल्याला शिक्षकांच्या खोलीतच कळते. ही मर्यादा आहे, आणि ती स्पष्ट लिहायला तू कचरू नयेस.

शिस्तपालन समितीचा प्रसंग तर तू गाळलाच आहेस! वर्गातल्या भांडणानंतर सुलेमान या विद्यार्थ्याला शाळेतून काढायचं की ठेवायचं, हे ठरवायला मंडळी बसली आहेत. ज्याच्या बोलण्यावरून भांडण पेटलं तो शिक्षकही त्यांच्यातच. सुलेमानच्या आईला फ्रेंच येत नाही. ती काय म्हणते ते सुलेमानलाच सांगावं लागतं: माझा मुलगा चांगला आहे, घरी मदत करतो. स्वतःची बाजू मांडायला आईचे शब्द त्या मुलाच्याच तोंडून यावेत, आणि समोरच्यांनी आधीच ठरवल्यासारखं ऐकावं! नंतर मतपेटी फिरते, आणि त्याला काढून टाकतात. दुभाषा कुणालाच का सुचला नाही, यावर अख्खा लेख होईल.

लेखाचा पहिला परिच्छेद या आईवर लिही. मग फळ्यावरच्या नावाकडे ये. तक्ता शेवटी तळटीपेत गेला तरी चालेल. आणि मजकूर पाठवण्याआधी तो प्रसंग आवाज बंद करून पाहा, फक्त आईच्या चेहऱ्याकडे.

तुझी,
ताई